बोटभर आखूड सावली

आहेर सरांच्या खिशात कांदा असायचा. खडू, पेन, रुमाल या गोष्टी सगळ्याच मास्तरांच्या खिशात असतात, तशा त्यांच्याही असत. पण उजवा खिसा गावाकडच्या, देवळ्याच्या घरच्या कांद्यासाठी राखीव होता. मधल्या सुट्टीत डबा उघडला की कांदा टेबलावर ठेवायचा, वर एक मूठ हाणायची आणि फुटलेल्या पाकळ्या समोर बसलेल्यापुढे सरकवायच्या. समोर मी बसत असे. पंचवटीतल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले त्याच्या पहिल्याच दिवशी हा प्रकार झाला आणि मी नाक मुरडलं. ते म्हणाले, उन्हाळ कांदा आहे, तिखट नाही लागत. लागला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "चुकलंच माझं. तुम्हाला लागतो, एवढं नक्की झालं." आणि खरोखरच वहीत काहीतरी टिपून घेतलं. माणूस चक्रम आहे, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. पुढच्या चोवीस वर्षांत ते मत थोडंथोडं बदलत गेलं, पूर्ण मात्र कधीच बदललं नाही.

सर गणित शिकवायचे आणि बोलताना सारखं "आमचे आचार्य" म्हणायचे. आमचे आचार्य असं मांडतात, आमच्या आचार्यांना हे चाललं नसतं. पंचवटीत दर दोन घरांआड एक महाराज किंवा शास्त्री राहतो, त्यामुळे त्यांतलेच कुणी वयस्कर गृहस्थ सरांना गणितात मदत करत असतील अशी माझी बरेच दिवस समजूत होती. एकदा मी सहज विचारलं, तुमच्या आचार्यांची तब्येत हल्ली कशी आहे. सर जरा विचारात पडले आणि म्हणाले, "त्यांना जाऊन आठ-नऊशे वर्षं तरी झाली, साठेबाई."

सह्याद्रीच्या पायथ्याशी राहून सूर्य-चंद्राचं गणित मांडणारे ते जुने ज्योतिर्गणिती होते. बापाजवळच शिकले आणि सगळं गणित श्लोकांत लिहून गेले. सर त्यांचं नाव सहसा घेत नसत, घरातल्या मोठ्या माणसाचं घेत नाहीत तसं. त्यांच्या उदाहरणांत मोर, माकडं, कमळं असत म्हणून सरांच्या उदाहरणांत लासलगावचं मार्केट असे. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आहे. निम्मे ट्रॅक्टर चहाच्या टपरीपाशी, तिसरा हिस्सा वजनकाट्यापाशी, आठवा हिस्सा चिखलात रुतलेला, आणि उरला एक तो माझ्या काकाचा. तर एकूण ट्रॅक्टर किती? मुली चोवीस म्हणून ओरडायच्या. मग सर विचारायचे, काका कुठे आहे? उत्तर कुणालाच यायचं नाही. सर म्हणायचे, ते उदाहरणात दिलेलं नाही, तर "माहीत नाही" असं उत्तर लिहायचं. त्याचा एक गुण. आठवीतल्या मुलींना हा गुण मिळवणं सगळ्यांत जड जाई. पालकही भांडायला येत. एका पालकांनी मला मध्ये घातलं, तुम्ही तरी सांगा सरांना. मी सांगितलं नाही. मला तो काका आवडला होता.

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने एक चौकट आखलेली असे आणि तीवर "राहिलेलं" असं लिहिलेलं. सरांना न आलेले प्रश्न त्या चौकटीत जात. फळा पुसला तरी ती चौकट पुसायची नाही, असा शिपाईमामांना सक्त हुकूम होता. एका मुलीने विचारलं होतं, दिवसा तारे कुठे जातात हे कळलं, पण ते तिथेच आहेत हे दिवसाच कसं दाखवायचं. तो प्रश्न दोन वर्षं फळ्यावर राहिला. त्या वर्गावर माझाही तास असे, आणि व्याकरण शिकवताना कोपऱ्यातून ते तारे माझ्याकडे बघत असत. मी एकदा चिडून म्हणाले की हा प्रश्न आता तुमच्या घरी न्या. सर म्हणाले, घरी जागा नाही, घरी आणखी आहेत.

सरांचा आणखी एक लौकिक होता, तो शाळेबाहेरचा. कुणी घर बांधलं, देवघर बरोबर पूर्वेला आहे की नाही अशी शंका आली, की लोक मोबाइलमधलं होकायंत्र पाहून झाल्यावर सरांकडे येत. कारण स्लॅबमधल्या लोखंडाने मोबाइल दर खोलीत वेगळी पूर्व दाखवतो. सर काठी, दोरी आणि खडू घेऊन जायचे. गच्चीवर काठी उभी करायची, भोवती वर्तुळ काढायचं. सकाळी काठीच्या सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं तिथे एक खूण, दुपारनंतर ते बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की ती पूर्व-पश्चिम. आचार्यांची रीत. पण या दोन खुणांच्या मध्ये पाच-सहा तास जातात आणि तेवढा वेळ सर गच्चीवरून हलायचे नाहीत. त्या घरच्या लोकांना त्यांना जेवायला वाढावं लागे. एका गृहस्थांकडे मी शेजारधर्म म्हणून हजर होते. देवघर तिरकं निघालं, चांगलं पाच अंशांनी. गृहस्थांचा चेहरा पडला. भिंत फोडावी लागेल का, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. सर म्हणाले, "पूर्व काय तुमच्या घराकडे सरकायची नाय. तुम्हीच पाट थोडा फिरवून बसा." गृहस्थ आजही पाट फिरवून बसतात.

आता सर सतत ज्यांत लिहीत असत त्या वह्यांबद्दल. सर आचार्यांवर पुस्तक लिहीत होते, आठवी-नववीच्या मुलांना कळेल असं. त्यांचं आयुष्य आणि त्यांचं काम. मला वाटलं होतं, आयुष्याचा भाग तरी मोठा असेल. तो दीड पान होता. सर म्हणत, त्यांच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे खरोखर माहीत आहे ते एका पोस्टकार्डावर मावतं, बाकीचं मागाहून लोकांनी रचलेलं आहे. मी म्हणाले, अहो, थोडं रंगवा, मुलांना गोष्ट लागते. लहानपण, आई, गुरूचा मार, काहीतरी. ते म्हणाले, आईचं नावही मला माहीत नाही, मी तिला कसा काय बोलायला लावू. मग बऱ्याच वेळाने, डबा धुऊन आल्यावर, स्वतःहून म्हणाले, "एक मात्र मला पक्कं माहीत आहे. हा माणूस उन्हात बसलेला आहे, बाई. बसल्याशिवाय हे लिहिता येत नाय."

म्हणून पुस्तकाचा नियमही तसाच होता. आचार्यांनी जे केलं ते आधी स्वतः करून बघायचं आणि मगच लिहायचं. ग्रहणाचं प्रकरण लिहायला त्यांनी तीन ग्रहणं थांबून काढली. वेळ मोजायच्या घटकापात्राचं प्रकरण लिहिताना बुडाला भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडून ती बुडेपर्यंत मोजत बसत, आणि त्यांच्या पत्नीच्या, शालिनीवहिनींच्या, स्वयंपाकघरातल्या चार वाट्या त्यात कामी आल्या. वहिनी मखमलाबादच्या, माहेरी फुलशेती. त्या मला म्हणाल्या होत्या, "लोकांच्या घरात वाट्या हरवतात. आमच्यात बुडतात."

सगळी प्रकरणं झाली. राहिलं एक, सावलीचं.

आचार्यांच्या शास्त्रात प्रत्येक गावाची एक सावली असते. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होते त्या दिवशी, बरोबर मध्यान्हाला, बारा अंगुळांच्या काठीची सावली जेवढी पडेल ती त्या गावाची पलभा. उत्तरेकडे जावं तशी ती वाढते. अंगुळाचे साठ भाग केले की एक व्यंगूळ. नाशिकची पलभा गणिताने येते चार अंगुळं बावीस व्यंगुळं, पंचांगवालेही तीच धरतात. सरांना ती मोजून पाहायची होती. शाळेच्या मैदानात त्यांनी एक तीन इंची लोखंडी पाइप उभा करून घेतला होता, जमिनीवर बारा फूट, म्हणजे एक फूट म्हणजे एक अंगूळ. मी म्हणाले, आचार्यांची बोटं फारच मोठी होती. सर म्हणाले, मोठं माप घेतलं की चूक लपत नाही. पाइपाच्या पायापासून उत्तरेकडे सिमेंटचा पट्टा घातलेला. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तो सपाट केलेला, ओळंब्याने पाइप सरळ केलेला. सारखी दिवस-रात्र नेमकी आपल्या दुपारी येतेच असं नाही, म्हणून आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अशी तीन दिवस सावली मोजायची आणि त्रैराशिक मांडायचं.

तीन दिवस मोजायचं आणि त्रैराशिक मांडायचं, आणि दर वर्षी उत्तर यायचं चार अंगुळं अठरा व्यंगुळं. कधी सतरा, कधी एकोणीस, पण बावीस कधीच नाही. सिमेंटच्या पट्ट्यावर सावली बोटभर आखूड पडायची. सरांनी पाइप पुन्हा मोजला, पट्टा उखडून नवा घातला, घड्याळ तपासलं, आणि दर मार्चला पुन्हा उन्हात जाऊन बसले. आम्ही सगळे म्हणायचो, सर, बोटभराने काय बिघडतं. यावर ते रागावत नसत, पण त्या दिवशी कांदा फोडत नसत.

शाळेचा अमृतमहोत्सव आला आणि सरांचं निवृत्तीचं वर्षही तेच. संस्थेने ठरवलं, आहेर सरांचं पुस्तक समारंभात प्रकाशित करायचं. मुद्रितं तपासण्याचं काम माझ्याकडे आलं. सरांनी सावलीचं प्रकरण लिहून दिलं होतं, त्यात अठ्ठावीस वर्षांच्या मोजणीचा तक्ता होता, आणि शेवटी एक परिच्छेद: गणिताने बावीस येतं, मला अठरा दिसतं, का ते मला कळलेलं नाही. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की समारंभाला मोठमोठी माणसं येणार, त्यात आपल्याच शिक्षकाने "मला जमलं नाही" असं छापायचं हे बरं दिसत नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं, हे इथे स्पष्ट लिहिते. त्यांनी मला काही कर असं सांगितलं नव्हतं. मीच केलं. मुद्रितावर मी अठरा खोडून बावीस लिहिलं, तक्ता काढून टाकला, परिच्छेदाचं शेवटचं वाक्य उडवलं. माझ्या लाल पेनाने, सुवाच्य अक्षरात. आयुष्यभर मुलींच्या निबंधांत मी हेच करत आले होते, आणि मनातून मला वाटत होतं की मी या माणसाचं भलं करते आहे.

दुसरी मुद्रितं सर स्वतः छापखान्यात जाऊन पाहून आले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी डबा उघडला, जेवले, डबा धुतला. मग म्हणाले की पुस्तक त्यांनी परत घेतलं आहे. कारण सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि न पाहण्यात मुद्दाम असं काही नव्हतं. पहिल्या मुद्रितांवरची माझी लाल शाई त्यांनी ओळखलीच असणार. समारंभ पुस्तकाशिवाय झाला. त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. एप्रिलअखेर ते शाळेतून गेले आणि मी त्यांची माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, असं करता करता ती गोष्ट मागण्यासारखी राहिलीच नाही.

पुढच्या दोन मार्चमध्ये ते शाळेत आले. ओळंबा, पट्टी, वही घेऊन तीन दिवस पाइपापाशी बसून गेले. माझा वर्ग वरच्या मजल्यावर होता. मी खिडकीतून पाहत असे, खाली जात नसे. पांढरी टोपी घालून ओणवे होऊन खूण करणारा तो म्हातारा होत चाललेला माणूस पाहून मला स्वतःचा इतका संताप यायचा की मुली त्या दिवशी उगाचच बोलणी खायच्या.

तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारी संपता संपता, वहिनींचा फोन आला. सरांना दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलता येत होतं, काठीने थोडं चालताही येत होतं, पण उजवा हात गेला होता. "लिहिता येत नाय त्यांना," वहिनी म्हणाल्या. "मी लिहिते म्हणलं तर माझं अक्षर त्यांना वाचता येत नाय. तुमचं नाव घेतात. या ना एकदा."

मी गेले. जिना चढून वर आले. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत सर बसले होते, बारीक झालेले, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मला पाहून म्हणाले, "बसा साठेबाई. तक्ता नव्याने उतरवायचा हाय. तीस वर्षांचा झाला आता." एवढंच. जणू मी कालच मधल्या सुट्टीत समोर बसले होते. मी वही उघडली आणि ते सांगतील ते लिहू लागले. अठरा, सतरा, अठरा, एकोणीस, अठरा. डाव्या हाताने जुनी वही धरून ते वाचत होते. मी रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर, आणि रविवारी सकाळपासून जात राहिले.

अशाच एका रविवारी दुपारी वहिनींनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. जिन्याच्या खोलीवर पाण्याची टाकी होती, तिची सावली गच्चीवर पडायची आणि सरकत सरकत कुरडयांपर्यंत यायची. वहिनी मधूनमधून येऊन प्लास्टिकचा कागद ओढून पुढे घ्यायच्या. मी पाहिलं, त्या कुरडया सावलीपासून चांगल्या लांब ठेवत होत्या. मी म्हणाले, वहिनी, सावली तर इथे संपली, एवढं कशाला सरकवता?

"कुठं संपली म्हणता?" त्या म्हणाल्या. "ती बघा ना, कडेला मळकट पट्टी. तिथं ऊन अर्धंच हाय. तिथल्या कुरडया वातड राहतात."

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. गडद सावली जिथे संपते तिथून लगेच ऊन सुरू होत नव्हतं. मध्ये एक फिकट पट्टी होती, मळक्या पाण्याचा डाग सुकावा तशी. रोज पायाखाली असलेली गोष्ट मी जन्मात पाहिली नव्हती. वर मान केली तर सर खुर्चीत पुढे वाकले होते. मला वाटलं त्यांना काही होतंय. त्यांनी वहिनींना सांगितलं, पक्की सावली संपते तिथे एक बोट ठेव, आणि पक्कं ऊन लागतं तिथे दुसरं. वहिनींनी ठेवलं. "मध्ये किती बोटं मावतात?" वहिनी म्हणाल्या, दोन.

सर खुर्चीत मागे रेलले. "दोन," ते म्हणाले. "दोनाचं निम्मं एक." आणि मग इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून वर्गात कधी न ऐकलेल्या, आहे-ला शे म्हणणाऱ्या त्यांच्या घरच्या बोलीत, अगदी हळू, स्वतःशीच: "सूर्य काय ठिपका शे?"

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. पुस्तकातल्या आकृतीत सूर्य एक ठिपका असतो आणि त्यातून एक रेघ निघून काठीच्या टोकावरून जमिनीवर येते. पण आकाशातला सूर्य थाळी आहे. थाळीची वरची कड जिथवर झाकलेली राहते तिथवर गडद सावली. मग थाळी थोडीथोडी उघडी पडत जाते ती फिकट पट्टी. गणिताला हवी ती थाळीच्या मध्याची सावली, म्हणजे त्या पट्टीच्या मधोमध. सर तीस वर्षं खूण करत होते गडद सावली संपते तिथे. म्हणून बोटभर आखूड. "आणि गंमत बघा," ते म्हणाले, "ग्रहणाच्या प्रकरणात मीच लिहिलंय, आचार्यांनी सूर्याचं बिंब बत्तीस कलांचं, म्हणजे अर्ध्या अंशाहून जरा मोठं धरलंय. तिथं थाळी, आणि सावलीच्या प्रकरणात येताना मी त्याला टाचणीचं टोक करून आणलं." ते हसायला लागले. तोंड एका बाजूला थोडं ओढलं जात होतं तरी हसत राहिले. वहिनी कुरडया परतत म्हणाल्या, एवढंच होतं तर आधी विचारायचं.

त्या दिवशी मी धीर केला. वहिनी खाली गेल्यावर म्हणाले, सर, तो आकडा मी बदलला होता. ते म्हणाले, माहीत आहे. मी म्हणाले, तुम्ही मला काही बोलला नाहीत.

"राग आला होता," ते म्हणाले. "लय आला होता. पण बाई, पुस्तक पुरं व्हावं असं माझ्याशिवाय आणखी कुणाला तरी वाटतं, हे मला त्या लाल शाईवरनं कळलं. दोन्ही खरं हाय."

मला रडू आलं आणि मी रडले. मग ते म्हणाले, चला, प्रकरण लिहू. मी विचारलं, जुना तक्ता आता गाळायचा ना, तो तर चुकीचा ठरला. ते म्हणाले, तक्ता तसाच राहील, तीसच्या तीस आकडे. चूक कुठे होती हे खाली लिहायचं आणि ती कुणी दाखवली तेही, वहिनींचं पूर्ण नाव घालून. वहिनींना हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, माझं नाव कशाला, कुरडयांचं घाला.

मोजणी मात्र अजून व्हायची होती. मार्चचे ते तीन दिवस आले तेव्हा वहिनी सरांना गाडीवर मागे बसवून शाळेत घेऊन आल्या. डॉक्टर उन्हात नको म्हणाले होते. सर म्हणाले, आचार्यांच्या प्रकरणाला सावलीत बसून कसं चालेल. पट्ट्याच्या कडेला खुर्ची मांडली, डोक्यावर टोपी आणि टोपीवर वहिनींचा ओला पंचा. त्यांना वाकता येत नव्हतं. ओळंबा मी सोडला, मध्यान्हाची वेळ त्यांनी सांगितली, आणि खुणा मी केल्या. गुडघे टेकून, तापलेल्या सिमेंटवर. एक गडद सावली संपते तिथे, एक पक्कं ऊन लागतं तिथे. तिन्ही दिवस दर खुणेला त्यांनी विचारलं, "नक्की तिथेच का?" आणि पहिल्या दिवशी मी हो म्हणाले, दुसऱ्या दिवशी जरा थांबून हो म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी खरं सांगितलं की केसभर इकडेतिकडे होऊ शकेल. ते म्हणाले, आता तुम्हाला दिसायला लागलं.

तिसऱ्या दिवशी मोजणी झाल्यावर आम्ही मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली बसलो. सरांनी तोंडी त्रैराशिक सांगितलं, मी लिहीत गेले. गडद खूण आली चार अंगुळं सतरा, उन्हाची खूण चार अंगुळं पंचवीस. बेरीज करून निम्मं केलं. मी ते दोनदा केलं, कारण गणित मला कधीच आलेलं नाही. दोन्ही वेळा तेच आलं. चार अंगुळं एकवीस व्यंगुळं.

एकवीस. बावीस नाही. माझ्या हातात पेन होतं, आणि उन्हाने दिपलेल्या सरांच्या डोळ्यांना वहीवरची बारीक अक्षरं चष्म्यातूनही नीट दिसत नव्हती. खूण केसभर पुढे केली असती तर बावीस आलंच असतं. तीस वर्षं उन्हात बसलेल्या त्या माणसाला मी वर पाहून बावीस म्हणाले असते तर जगात कुणाचंही काही बिघडलं नसतं.

"एकवीस आलं, सर," मी म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळत होते.

"खुणा कुणी केल्या?"

"मी."

"मग एकवीस. लिहा." मी लिहिलं. "खाली सही करा. मोजणारीचं नाव लागतं."

मी वहीत सही केली. त्यांनी वही जवळ आणायला लावली, डाव्या हाताचं बोट त्या ओळीवरून फिरवलं आणि म्हणाले की आता छापायला द्या, पुन्हा मला दाखवायला आणू नका.

वहिनींनी गाडी जवळ आणली. आम्ही दोघींनी धरून सरांना मागे बसवलं, पंचा त्यांच्या मांडीवर घातला. त्यांनी डाव्या हाताने वहिनींच्या खांद्याला धरलं आणि ते निघाले. फाटकापाशी वहिनींनी हॉर्न वाजवला, गाडी रामकुंडाच्या दिशेने वळली आणि रिक्षांच्या गर्दीत सरांची पांढरी टोपी दिसेनाशी झाली. मागच्या श्रावणात सर गेले. पुस्तक त्यानंतर दोन महिन्यांनी छापून आलं. पण मला ते आठवतात ते त्या दुपारचे, पाठमोरे. गाडी गेल्यावर मी तिथेच कडुनिंबाखाली वही उघडून, मी काय लिहिलं आहे ते पुन्हा एकदा नीट वाचून पाहिलं होतं. एकवीसच होतं.